पट्ट्यावरचं विमान

साहेबांच्या खिशात लोखंडी तारेचं एक कडं असे. ते लिंबांसाठी होतं. रविवारी सकाळी जबलपुरातल्या चेरीतालच्या बाजारात ते भाजीवालीपुढे उकिडवे बसत, एकेक लिंबू त्या कड्यातून घालून पाहत आणि जे आरपार जाईल ते परत टोपलीत टाकत. अडकेल तेवढंच पिशवीत. भाजीवाली सुरुवातीला हसली असेल. मी पाहिलं तेव्हा ती हसण्याच्या पलीकडे गेली होती. "साहब, नींबू है, गोला नहीं," असं ती एकदा म्हणाली. साहेबांनी मान वर न करता तिला सांगितलं की गोळ्यात रस नसतो, लिंबात असतो, म्हणून लिंबू जास्त जपून घ्यावं लागतं.

साहेब आमच्या फॅक्टरीतल्या गेज रूमचे मुख्य होते. फॅक्टरीत तोफांचे गोळे बनत. प्रत्येक गोळ्याचा घेर, लांबी, मागची खाच हे सगळं पोलादी मापांनी तपासलं जाई. ती मापं म्हणजे गेजं. गोळा एका गेजातून सुटला पाहिजे आणि दुसऱ्यात अडकला पाहिजे. ज्याचं उलटं होईल त्याला लाल रंग फासून बाजूला ठेवत. गोळ्यांवर शेकडो लोकांची नजर होती, पण खुद्द गेजं बरोबर आहेत की झिजली आहेत हे बघणारा माणूस एकच होता, आणि तो रविवारी लिंबं मोजत असे.

गेज रूम ही अख्ख्या फॅक्टरीतली एकमेव थंड खोली. जबलपूरच्या मे महिन्यात बाहेर शेडमध्ये माणसं डोक्यावर ओला टॉवेल टाकून काम करत, तेव्हा आम्ही आत पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बसत असू. थंडावा आमच्यासाठी नव्हता. उन्हानं पोलाद केसभर वाढतं, ते वाढू नये म्हणून तो होता. साहेब याची आम्हाला अधूनमधून आठवण करून देत, म्हणजे आमचा गैरसमज होऊ नये.

मापाचं हे वेड फॅक्टरीच्या फाटकाशी संपत नसे. एकदा सेक्शनची सहल भेडाघाटला गेली. संगमरवरी खडकांमधून नाव चालली होती, सगळे तोंड वर करून बघत होते, आणि साहेब नावाड्याला वल्ह्याची लांबी विचारत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी एका कारागिराच्या दुकानात संगमरवराचा गुळगुळीत गोळा उचलला, खिशातून कॅलिपर काढला आणि गोळा एका बाजूनं जाड असल्याचं त्याला दाखवून दिलं. कारागीर म्हातारा होता. त्यानं कॅलिपरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "साहब, नर्मदा जी ने भी तो टेढ़ा ही काटा है." साहेबांना हे पटलं. त्यांनी तो गोळा घेतला आणि पुढं कित्येक वर्षं आपल्या टेबलावर ठेवला, खाली चिठ्ठी चिकटवून: गोल नाही.

आता विमानाबद्दल.

बासष्टच्या लढाईनंतर आमची फॅक्टरी वाढली. नवी भरती झाली, नव्या शेड उभ्या राहिल्या आणि पॅकिंग सेक्शनमध्ये लांबलचक चालता पट्टा बसवला गेला. एका टोकाला गोळा ठेवायचा, तो आपोआप दुसऱ्या टोकाला जायचा. सगळ्यांना त्याचं अप्रूप होतं. चहाच्या सुट्टीत लोक तिथं जाऊन नुसते उभे राहत. अशाच एका सुट्टीत कुणीतरी तो प्रश्न काढला, कुणी ते नंतर कुणालाच आठवेना. समजा विमानाची धावपट्टी म्हणजे असाच एक पट्टा आहे. विमान जेवढ्या वेगानं पुढं जाईल, तेवढ्याच वेगानं पट्टा मागं सरकतो आहे. तर विमान उडेल का?

साहेबांनी तिथल्या तिथं प्रयोग केला. पॅकिंगवाल्यांना पट्टा रिकामा करायला लावला, चपला काढल्या आणि पट्ट्याच्या उलट दिशेनं झपझप चालू लागले. पाचएक मिनिटं चालले. घाम फुटला, पण होते तिथंच राहिले. खाली उतरून त्यांनी निकाल दिला: "डोक्यावरची टोपीसुद्धा हलली नाही. वारा लागलाच नाही तर विमान उडून काय राहिलं? पट्ट्यावरची वस्तू पट्ट्याची."

पॅकिंग सेक्शननं मान डोलावली. ज्यांचा अख्खा दिवस पट्ट्यापाशी जात होता त्यांना ते उघड दिसत होतं. पट्ट्यावर ठेवलेली एकही वस्तू त्यांनी कधी स्वतःच्या मर्जीनं जाताना पाहिलेली नव्हती.

साहेब तिथं थांबले असते तर हे लिहायचं कारण नव्हतं. पण त्यांना त्या प्रश्नात एक गेज दिसलं. माणसं मोजायचं गेज. त्यांचं म्हणणं असं, की जो दिसतं ते नीट बघतो तो म्हणणार विमान उडणार नाही, आणि जो उतावळा, ज्याला विमान म्हटलं की नुसतं आभाळ दिसतं, तो म्हणणार उडेल. तेव्हापासून त्यांनी भेटेल त्याला हा प्रश्न घातला. नवे अप्रेंटिस, घराची मागची खोली भाड्यानं मागायला आलेला शाळामास्तर, स्वयंपाकाला ठेवायची बाई. ती बाई म्हणाली, मी विमान पाहिलं नाही अन् मला पाहायचंही नाही. तिला त्यांनी ठेवून घेतलं, कारण तिचं उत्तर, त्यांच्या मते, मोजण्याच्या पलीकडचं होतं. मास्तर म्हणाले उडेल. मास्तरांना खोली मिळाली नाही.

मी चौसष्ट साली वर्ध्याहून डिप्लोमा घेऊन आलो. गेज रूममध्ये एक जागा होती आणि आम्ही उमेदवार चार. तिथला जुना फिटर मला बाहेरच्या बाकावर भेटला, माझ्याकडे पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला सांगून टाकलं, "हवाई जहाज का पूछेंगे. बोलना, नहीं उड़ेगा. बस, ठंडे में नौकरी."

मला विचार करायला अर्धा तास मिळाला, आणि इथं मला स्पष्ट सांगितलं पाहिजे की मी तो केला. पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. माणूस पट्ट्यावर चालतो तो पायानं पट्टा मागं रेटून. विमान चाकांनी कशालाच रेटत नाही; त्याचा पंखा हवेला रेटतो. चाकं बिचारी नुसती फिरतात. पट्टा मागं गेला तर ती जरा जास्त जोरात फिरतील, विमान पुढं जायचं ते जाईलच. हे मला दहा मिनिटांत कळलं. मग मी कागद फाडून टाकला, आत गेलो आणि म्हणालो की विमान उडणार नाही.

मी सात वर्षं त्या थंड खोलीत बसलो.

साहेब कसे होते हे ज्याला खरंच समजून घ्यायचं असेल त्याला पासष्टची लढाई सांगावी लागेल. तेव्हा फॅक्टरी चोवीस तास चालत होती. दुपारी भोंगा झाला की रस्ताभर नुसत्या सायकली. अशात एका सकाळी साहेबांना एक कडीगेज, म्हणजे गोळा आरपार घालून पाहायचं पोलादी कडं, झिजलेलं सापडलं. झीज डोळ्यांना दिसणारी नव्हती, केसाच्या कितव्या तरी हिश्श्याएवढी. पण नियम असा होता की गेज खोटं निघालं की ते शेवटचं बरोबर ठरल्यापासून त्यानं तपासलेला सगळा माल परत बोलवायचा. पास झालेला आणि नापास झालेला, दोन्ही. पुन्हा मोजायचा. तो माल त्या वेळी सायडिंगवर वॅगनींमध्ये भरून तयार होता, इंजिनही लागलं होतं.

साहेबांनी वॅगनी उतरवायला लावल्या. वरचे अधिकारी आले, त्यांच्यावरचे आले. आघाडीवर गोळे हवेत आणि तुम्ही केस मोजताय, असं त्यांना पुष्कळ ऐकवलं गेलं. साहेबांनी उलट उत्तर दिलं नाही. आवाज चढवला नाही. फक्त वॅगनीचा कागद सही न करता हातात धरून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळा माल फिरून मोजला. एकही गोळा खराब निघाला नाही. एक अधिकारी हसून म्हणाले, काय मिळवलंत? साहेबांनी सही करता करता सांगितलं, "खराब नाही हे आता माहीत झालं. सकाळी माहीत नव्हतं."

मी त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी चोवीस वर्षांचा होतो, अंग दुखत होतं आणि मला त्यांचा अतोनात अभिमान वाटला. या माणसाकडे मी एक खोटं उत्तर देऊन शिरलो आहे, हेही तेव्हाच पहिल्यांदा टोचलं. पण अभिमान मोठा होता, टोचणी लहान होती, आणि दुसऱ्या दिवशी काम होतं.

साहेबांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि मुलगी कुमुद, दोघंच. कुमुद मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. गणपतीत आरतीला, दिवाळीत फराळाला माझं त्यांच्याकडे जाणं असे. ती फारसं बोलत नसे, पण बोलली की सरळ बोले आणि उत्तराची वाट बघे. मला ती आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याची हिंमत नव्हती.

एकाहत्तर साली, दिवाळी उलटल्यावर, तिला बघायला गावातल्याच मदनमहाल भागातून एक मुलगा आला. रेल्वेच्या ऑफिसात होता. घराणं पिढ्यान्पिढ्या इथलं, भोसल्यांच्या चाकरीत आलेलं. घरात मराठी बोलत, पण ती अर्धी हिंदी. पोहे झाले. मुलीला कुणी काही विचारण्याआधी साहेबांनी मुलाला विचारलं. कोणता प्रश्न ते सांगायला नको. मुलानं चमचा खाली ठेवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "उडेल ना, काका. पंखा तर हवेला ढकलतो. पट्ट्याला थोडीच ढकलतो?"

मुलाच्या वडिलांना वाटलं थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप गेला की मुलाचं उत्तर चुकलं, सबब योग नाही. पत्रिका जुळत नाही असं कुणीही कळवलं असतं. साहेबांना ते सुचलं नाही, कारण पत्रिका त्यांनी बघितलीच नव्हती. मदनमहालवाल्यांनी हा अपमान मानला, आणि तो होताच.

पंधरा दिवसांनी भोंगा झाल्यावर फाटकातून सायकली बाहेर काढताना साहेब मला म्हणाले, "तू काहून नाही? तू तर माझ्या हातून पास झालेला." कुमुदची हरकत नाही असंही म्हणाले. मी सायकलवर बसायचं विसरून ती हातात धरून चौकापर्यंत चालत गेलो. वर्ध्याला पत्र टाकलं, घरचे आनंदले, साखरपुड्याची तिथी निघाली.

त्यानंतरच्या रविवारी मी चेरीतालला त्यांच्या घरी गेलो तेव्हा साहेब बाजारात गेले होते. कुमुद पुढच्या खोलीत वह्या तपासत होती. पुढचं दार सताड उघडं, समोरच्या ओट्यावर शेजारणी गहू निवडत बसलेल्या. कुमुदनं पेन बंद केलं आणि मला विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं, विमान नाही उडणार?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा घरी नाहीत."

आज हे वाक्य जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं तेव्हा आलं नाही. मला वाटलं ही परीक्षा आहे, आणि परीक्षेचं उत्तर मला पाठ होतं. मी म्हणालो, नाहीच उडणार, पट्ट्यावरची वस्तू पट्ट्याची. तिनं समोरची वही मिटली. मग "अच्छा" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

डिसेंबरात लढाई लागली. रजा बंद, बारा-बारा तासांच्या पाळ्या. साखरपुडा लढाई संपेपर्यंत पुढं ढकलला. साहेब दिवसातून दोनदा प्रत्येक गेज तपासू लागले. पंधरवड्यात लढाई आटोपली आणि पुष्कळ दिवसांनी एक सबंध रविवार सुट्टीचा मिळाला. साहेबांनी मला सकाळी जेवायला बोलावलं.

जेवणं झाली. कुमुदनं आतून एक लाकडी बैल आणला. आमच्याकडे नागपूर-वर्ध्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवतात, त्यातला. लहानपणी आजोळाहून मिळालेला. तिनं जुन्या धोतराची लांब पट्टी फरशीवर अंथरली, तिच्यावर बैल उभा केला आणि त्याच्या गळ्यातली दोरी वडिलांच्या हातात दिली. म्हणाली, ही फक्त धरून ठेवा, ओढू नका. मग ती दुसऱ्या टोकाला बसली आणि पट्टी आपल्याकडे ओढू लागली.

पट्टी सरकत गेली. बैलाची चाकं फिरली. बैल जागच्या जागी.

"बाबा, बोटाला ओढ किती लागली?"

साहेबांनी बोट बघितलं; दोरीचा वळसुद्धा उठला नव्हता. तिनं पट्टी पुन्हा अंथरली आणि आता दोरी हळूहळू ओढायला सांगितली. तिनं पट्टी जोरात खेचली, आणखी जोरात खेचली. बैल डुलत डुलत साहेबांकडे चालत आला. साहेबांनी उठून कपाटातून ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा आणला आणि दोरीला अडकवला. चाकांना तेल दिलं. पुन्हा केलं. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो होतो. कुमुदनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी साहेब फरशीवर मांडी घालून बसले. चष्मा काढला. म्हणाले, "मी पायानं चाललो होतो. विमानाला पाय नसतात." मग चष्मा पुसत म्हणाले, "गेज खोटं निघालं."

दुसऱ्या कुणी इथं हसून विषय सोडला असता. एवढा काय, एक कोडं चुकलं. पण साहेबांना गेज खोटं निघाल्यावर काय करायचं असतं हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांनी माणसं आणि गोळे असा फरक केला नाही. त्यांनी वहीत यादी केली. ज्यांना ज्यांना तो प्रश्न विचारला होता ती सगळी नावं, एका पानावर नापास, दुसऱ्यावर पास. आणि ते सायकलवर बसून निघाले.

पहिल्यांदा नापासांकडे गेले. बहुतेकांना काही आठवतच नव्हतं. शाळामास्तरांनी एव्हाना स्वतःचं घर बांधलं होतं. त्यांनी साहेबांना सरबत दिलं आणि शेवटपर्यंत हे गृहस्थ कशासाठी आले होते ते त्यांना उमगलं नाही. पेंट शॉपला पाठवलेला एक अप्रेंटिस आता तिथं सुखात होता, तो परत यायला तयार होईना. मदनमहालला मात्र सगळं आठवत होतं. तिथं मुलाच्या वडिलांनी साहेबांना बसा म्हटलं नाही. साहेबांनी उभ्यानंच सांगितलं की तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती. मुलीचं आता ठरलेलं आहे, मी काही मागायला आलो नाही. उत्तर बरोबर होतं एवढंच सांगायला आलो. मुलानं आतून पाणी आणून दिलं. ते पिऊन साहेब निघाले. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, अहवाल द्यावा तसं.

मग पासांची पाळी आली. त्या पानावर माझं नाव वरचं होतं.

ते माझ्या खोलीवर आले ती रविवारची दुपार होती. मी चहाचं विचारलं तर म्हणाले, तपासणी आधी. खुर्चीवर ताठ बसले. म्हणाले, "मी चुकलो होतो म्हणून नाही उडणार म्हणत होतो. तू काहून म्हणत होता?"

मला ठाऊक होतं की दोन उत्तरं आहेत. मीही तुमच्यासारखाच चुकलो, असं म्हटलं तर प्रश्न मिटतो, चुकणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता. खरं सांगितलं तर कुमुद जाते. मी त्यांच्या बुटांकडे पाहत म्हणालो, "मीही चुकलोच होतो, साहेब."

त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते हसले. म्हणाले, झिजणं हा दोष नाही, झिजलं हे कळलं म्हणजे झालं. मग त्यांनी स्वतःहून चहा मागितला, दोन कप घेतले, साखरपुड्याची नवी तिथी सांगितली आणि शीळ घालत सायकलवर बसले.

मी खिडकीतून पाहत होतो. जो माणूस एक गेज तीनदा मोजल्याशिवाय खोक्यात ठेवत नाही, त्यानं माझं एक वाक्य एकदा ऐकलं आणि खरं मानलं. त्यानं मला तपासलंच नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. मला स्वतःची अशी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

सोमवारी सकाळी मी गेज रूमचं दार लावून घेतलं आणि त्यांना सांगितलं. बाकावरचा फिटर, पाठकोरा कागद, सगळं. ते एका कडीगेजाला मऊ चामड्यानं पुसत होते. ते पुसत राहिले.

"तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् काल?"

"कालही होतं."

त्यांनी गेज खोक्यात ठेवलं, झाकण लावलं. म्हणाले, "कुमुदला सांग. यात मी आता माप लावणार नाही."

मी भोंगा झाल्यावर तसाच चेरीतालला गेलो. कुमुद नुकतीच शाळेतून आली होती. तिला मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर तिनं विचारलं, हे बाबांना कधी सांगितलं? मी म्हणालो, आज सकाळी.

"म्हणजे त्यांना आधी," ती म्हणाली. "अन् मला आता सांगून राहिलात, कारण त्यांनी पाठवलं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं पदराचं टोक नीट केलं आणि म्हणाली, "बाबा चुकले. त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, अन् मी एकटीनं विचारलं होतं. मला तुमच्याकडून दुसरं काही नको होतं. घरात एक माणूस खरं बोलणारा पाहिजे होता, बाबा चुकत असताना."

मी तिच्यावर प्रेम करत होतो आणि तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. मी तिथून निघालो. वैशाखात तिचं लग्न झालं, मदनमहालच्याच मुलाशी. त्या मुलाच्या वडिलांना राजी करायला साहेबांना पाच फेऱ्या घालाव्या लागल्या आणि चौथ्या फेरीपर्यंत त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

पण ते पुढचं. त्या मंगळवारी मी बदलीचा अर्ज लिहून नेला. पेंट शॉप, पॅकिंग, कुठंही चालेल असं लिहिलं होतं. त्या खोलीत त्यांच्यासमोर रोज बसणं मला शक्य नव्हतं, आणि मला वाटलं, त्यांनाही नसेल. साहेबांनी अर्ज वाचला. त्यांचेही डोळे झोपेविना सुजलेले होते. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि ते मोडणारा समोर उभा होता.

"बदली काहून?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "साहेब, मी नापास झालेला माल आहे."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्याची घडी घातली आणि ती माझ्या हातात परत दिली.

"तीस वर्षं मी गोळे तपासून राहिलो," ते म्हणाले. "आजवर एकही गोळा स्वतः चालत येऊन बोलला नाही, की साहेब, मी खराब आहे."

मला रडू आलं. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पुढचं खोकं उघडलं आणि माझ्या बाजूला सरकवलं. मी हात पुसले आणि मोजायला बसलो.